कुपाकची गाडी

१

बंद पडलेल्या गाडीला सिमिऊनी आधी हात लावत नसे. आधी चहा. शेडच्या दारात उलट्या बादलीवर बसून तो गाडीकडे पाहत सावकाश चहा प्यायचा, आणि मग ठरलेल्या क्रमाने कामाला लागायचा: बॅटरी, फ्यूज, प्लग, कॉइल, वायरिंग, शेवटी बटणं. क्रम सोडला की माणूस दिवसभर चुकीच्या जागी खाजवत बसतो, असं त्याचं मत होतं. गाव चेष्टा करायचं की सिमिऊनी गाडी दुरुस्त करत नाही, टक लावून तिला लाजवतो. पण उत्तर ध्रुवाकडच्या, घरटी एक गाडी असलेल्या त्या गावात सगळ्यांना शेवटी त्याचंच दार गाठावं लागे. चार जाड टायर, मोटारसायकलीसारखं हँडल, पाठीमागे सामानाला लोखंडी जाळी. रस्ता गावाच्या टोकाला संपायचा, आणि पुढच्या टुंड्रात, त्या बिनझाडांच्या ओलसर माळावर, चालेल असं दुसरं वाहन उन्हाळ्यात नव्हतं.

त्या गुरुवारी आलेल्या गाडीकडे पाहत तो चहाच विसरला. त्याचा मेहुणा लुकासी ती आपल्या गाडीला बांधून दोन दिवसांच्या वाटेवरून ओढत घेऊन आला होता. ती कुपाकची गाडी होती. कुपाक म्हणजे सिमिऊनीचा थोरला भाऊ. सप्टेंबरअखेर कॅरिबू हरणांच्या शिकारीला गेला तो परत आला नाही. आता जुलै चालू होता.

"कुठे मिळाली?" सिमिऊनीने विचारलं.

"दाजी, खरं सांगू? उघड्या माळावर. दरी नाही, दलदल नाही, काही नाही. माणूस लघवीला थांबतो ना, तशी उभी होती."

"आणि तो?"

लुकासीने मान हलवली. "मी चार तास फिरलो. बूटसुद्धा नाही. किल्ली चालूवर होती, टाकीत अर्धं पेट्रोल."

लुकासी गेल्यावर सिमिऊनीने बॅटरीला मीटर लावला. नऊ महिने उघड्यावर, त्यात हिवाळ्याची ती थंडी. बॅटरी फुटून गेलेली असणार हे तो धरूनच चालला होता. मीटरने पुरे बारा पूर्णांक सहा व्होल्ट दाखवले, नव्या बॅटरीइतके. त्याने मीटर आपल्या गाडीला लावून पाहिला. मीटर बरोबर होता.

सीटवर हात टेकून तो वाकला, तेव्हा सीट कोमट लागली. ऊन पडतंय, काळं रेक्झिन आहे, तापणारच, असं त्याने मनाशी म्हटलं. शेडमध्ये ऊन येत नव्हतं हे त्याच्या जरा उशिराने लक्षात आलं.

२

घरात त्याची मुलगी सियासी चार महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन समजावत होती. "काका, असं करायचं नाही. काका शहाणे आहेत की नाही?"

बाळाचं नाव कुपाक होतं. मेलेल्या माणसाचं नाव बाळाला दिलं की तो माणूस घरी परत येतो, मग त्याला जुन्याच नात्याने हाक मारायची, अशी तिथली रीत. म्हणून सियासी पोटच्या पोराला काका म्हणायची आणि पन्नाशीचा सिमिऊनी आपल्या नातवाला दादा. लंगोट बदलताना तो "दादा, जरा पाय वर घे" म्हणायचा आणि दोघं बापलेक हसायचे. सियासीचा नवरा खाणीवर कामाला होता, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे इकडे. त्यामुळे घरात हे तिघंच.

खरं तर सियासीला बाळाला आपल्या आईचं, ऊलीपिकाचं, नाव द्यायचं होतं. नाव बाईचं की पुरुषाचं हे तिथे कोणी बघत नाही. पण सिमिऊनी हट्टाला पेटला. बायकोला त्याने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, तिच्याविषयी त्याला सांगायला तरी काही होतं. भावाविषयी काहीच नव्हतं. हे नाव मिळालं आणि निदान घरात "दादा" म्हणायला कोणीतरी आलं.

संध्याकाळी आर्नाकुक आत्या आली. आत्या दार वाजवत नसे. त्या गावात कोणीच वाजवत नाही. चहात साखर ढवळत ती म्हणाली, "गाडी आली म्हणे."

"आली, आत्या."

"आणि माणूस नाही आला." तिने बाळाकडे पाहिलं. "मी मार्चमध्येच म्हटलं होतं तुला. तो मेलेला कोणी बघितला? माणूस सापडला नाही आणि तुम्ही त्याचं नाव देऊन मोकळे झालात."

"आत्या, नऊ महिने झाले. त्या थंडीत कोण जगतं?"

"जगतो असं कुठे म्हणाले मी? मेला हे त्याला कोणी सांगितलं का, एवढंच विचारते." आणि तिने बिस्किट चहात बुडवलं. म्हातारीला उत्तर द्यायला लागलं की रात्र पुरत नाही, म्हणून सिमिऊनीने तिच्या कपात आणखी चहा ओतला. बाळ मात्र तिच्याकडे नाही, शेडच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होतं.

३

शुक्रवारी त्याने फ्यूज पाहिला, तो ठीक होता. मग प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग लावला, ठिणगी नाही. कॉइल मोजली, ती ठीक होती. क्रमाने जे यायचं ते आलं होतं आणि आता वायरिंगची पाळी होती.

हे वायरिंग त्याने स्वतः केलं होतं. सप्टेंबरात कुपाक घाईत होता, "कळप नदी उतरतोय, सिमिऊनी, चल आटप" म्हणत डोक्यावर उभा होता. तुटलेल्या तीन वायरींना सोल्डर करायला हवं होतं. सिमिऊनीने नुसता पीळ दिला, वर टेप गुंडाळला आणि म्हणाला, परत आलास की नीट करू. बाळाशिवाय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या तीन जोडांपैकी एक सुटला असेल, तर त्याचा भाऊ त्याच्या टेपमुळे मेला होता.

त्याने टेप उकलला. तिन्ही जोड घट्ट होते, तांबं अजून लखलखत होतं. त्याला रडूच आलं. खाली बसून त्याने बाहीने डोळे पुसले.

मग ठिणगी का नाही? उरलं ते हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण. ते दाबलं की एक काळी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडली जाते आणि ठिणगी मरते. बटण 'चालू'वर असताना ती वायर सुटी हवी. सिमिऊनीने मीटरचं एक टोक वायरीला आणि दुसरं सांगाड्याला लावलं.

मीटर वाजला. म्हणजे मीटरच्या मते बटण दाबलेलं होतं. मग थांबला. मग परत वाजला.

टुंड्रातले लेमिंग उंदीर गाडीत घरटं करून वायरी कुरतडतात. त्याने वायर हँडलपर्यंत बोटांनी चाचपली. अख्खी होती. त्याने बटणाचं कवच उघडलं. आतल्या दोन पितळी पट्ट्या कोरड्या होत्या, आणि दोघींच्या मधल्या फटीतून पलीकडची भिंत दिसत होती. पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या नाहीत हे तो डोळ्यांनी बघत होता. आणि त्या टेकल्या आहेत असं मीटर सांगत होता.

घरात बाळ रडत होतं. शेड घराला लागूनच, मधे एक फळ्यांची भिंत. बाळाने हुंदका दिला की मीटर वाजायचा, श्वास घ्यायला थांबलं की मीटर थांबायचा. सिमिऊनीने हे बराच वेळ ऐकलं आणि मग योगायोग म्हणून सोडून दिलं. तीस वर्षं त्याने गाड्या दुरुस्त केल्या होत्या, गाडीत वायर आणि पेट्रोल यापलीकडे त्याला कधी काही सापडलं नव्हतं.

बाळ निजलं असावं. रडं थांबलं, मीटरही गप्प झाला. सिमिऊनीने प्लग लावून दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं.

पुरतं अर्धं मिनिटही झालं नसेल. सियासी दारात उभी होती, बाळ हातांवर आडवं. "बाबा, हा उठत नाहीये. बघा ना, मान टाकलीय याने."

सिमिऊनीने लाल बटण दाबलं. इंजिन थांबलं, आणि बाळ तिच्या हातांवर दचकून, लालबुंद होऊन रडायला लागलं.

४

धूर. दुसरं काय असणार? बंद शेडमध्ये इंजिन लावलं की धूर फटीतून घरात शिरतो आणि माणसं झोपेतच जातात. गावातली पोरंसोरंही हे जाणून होती. सिमिऊनीने स्वतःला आईमाईवरून शिव्या दिल्या आणि बाळाला घेऊन दवाखान्यात धावला. नर्सने बोटाला चिमटा लावून पाहिलं, छाती तपासली.

"रक्तात धुराचा विषारी वायू नाही, प्राणवायू उत्तम आहे. धुराने असं नसतं दिसत."

"मग काय झालं होतं?"

"गाढ झोपला असेल. लहान मुलं झोपतात हो, सिमिऊनी."

त्याला तेवढं पुरलं. खरं म्हणजे त्याने ते पुरवून घेतलं. शनिवारभर त्याने गाडीला हात लावला नाही, पण डोक्यातून ती जाईना. अर्ध्या मिनिटाने काही सिद्ध होत नाही. पीळ दिलेला जोड इंजिन थंड असताना टिकतो आणि इंजिन तापून हादरायला लागलं की दगा देतो. अर्धा तास ती सलग चालली तरच त्याला म्हणता येणार होतं की दोष आपला नव्हता.

संध्याकाळी आलेल्या आत्याला ते चेहऱ्यावरूनच कळलं. "लावू नकोस ती गाडी."

"का लावू नको?"

"ती थांबलीय ना? मग थांबलेली बरी आहे. ती चालू झाली की तोही निघेल."

"आत्या, मला कळायला नको, तो का अडकला ते?"

"तुला कळून काय करायचंय? नऊ दिवस शोधलं आणि दहाव्या दिवशी तूच म्हणालास ना, आता बास."

हे खरं होतं. दहाव्या सकाळी वादळ येत होतं, अकरा माणसं बाहेर होती, आणि सगळ्यांनी सिमिऊनीकडे पाहिलं होतं, कारण भाऊ त्याचा होता. शोध थांबवा, असं तोच म्हणाला. कोणी त्याला दोष दिला नाही. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला त्या हिवाळ्यात कित्येकदा वाटलं.

५

रविवारी दुपारी त्याने गाडी ढकलत समुद्राच्या काठावर नेली. घरापासून दोनशे पावलं, वारा जमिनीकडून पाण्याकडे. धूर घराकडे फिरकण्याचा प्रश्नच नव्हता. जुलैत तिथे सूर्य मावळत नाही, नुसता कडेकडेने फिरतो, आणि त्या लख्ख उजेडात घराची खिडकी न् खिडकी दिसत होती. त्याने सियासीला स्वयंपाकघराच्या खिडकीत बाळ घेऊन उभं राहायला सांगितलं होतं. बाळ ठीक असेल तोवर हात वर ठेव.

"आणि नसला तर?" तिने विचारलं होतं.

"तर मी बटण दाबेन. दाबलं की झालं."

त्याने दोरी ओढली. इंजिन चालू झालं आणि तीन सेकंदांत बंद पडलं. परत ओढली, परत तेच. कोणीतरी अंगठ्याने लाल बटण दाबावं तसं ते मरत होतं. दहाव्यांदा दोरी ओढताना सिमिऊनीच्या खांद्यातून कळ गेली आणि त्याचं डोकं फिरलं. अशा वेळी कोणताही मेकॅनिक जे करतो तेच त्याने केलं. पक्कड घेतली आणि बटणाची काळी वायर कापून टाकली. बटणच नाही तर बंद काय पडेल?

इंजिन चालू झालं आणि चालत राहिलं. त्याने खिडकीकडे पाहिलं. सियासीचा हात वर होता.

मग तो खाली आला.

ती काही ओरडत होती, काचेतून ऐकू येत नव्हतं. तिने बाळाला खांद्यावर टाकलं आणि बाळाचा हात तिच्या पाठीवर नुसता लोंबला. सिमिऊनीने लाल बटण दाबलं आणि त्याच क्षणी त्याला आठवलं की ते बटण आता कशालाच जोडलेलं नाही. किल्ली फिरवली, पण किल्लीही त्याच वायरीवर होती. त्याने प्लगचं टोपण उपटून काढलं. झटका बसला, टोपण हातात आलं, ठिणगीची वाट तुटली.

इंजिन चालूच होतं. टोपण त्याच्या मुठीत होतं आणि इंजिन संथ, एका लयीत चालत होतं. तापलेलं इंजिन कधीकधी ठिणगीशिवाय धावतं, असं त्याच्या डोक्यातला मेकॅनिक अजूनही म्हणत होता. पण हे थंड होतं. त्याने पेट्रोलचा कॉक पिळून बंद केला. आवाजात काडीचा फरक पडला नाही.

तेवढ्यात गाडी मागच्या बाजूने खाली बसली. दोन्ही स्प्रिंगा दबल्या, सीटचं रेक्झिन मधोमध खचलं, जड माणूस बसल्यावर खचतं तेवढं. मग ती हळूच परत वर आली. जे बसलं होतं ते उतरलं होतं.

सिमिऊनी घराकडे पळत सुटला. त्याने मागे पाहिलं नाही. पाहायचं नाही हे त्याने ठरवलं नव्हतं, मानच वळत नव्हती.

६

सियासी बाळाला घेऊन झोपायच्या खोलीत गेली होती. चोवीस तासांच्या उजेडात झोप यावी म्हणून तिथल्या खिडकीला चंदेरी कागद चिकटवलेला होता, आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये एवढा अंधार होता. सिमिऊनीने चाचपडत बाळाला घेतलं. ते ऊबदार नव्हतं. श्वास होता, पण फार लांबून आल्यासारखा, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसल्यासारखा. समुद्राकडून इंजिनाचा संथ आवाज येत होता.

"बाबा, ती गाडी बंद करा." सियासी रडत नव्हती, त्याच्या पलीकडे गेली होती. "मी पाया पडते तुमच्या. बंद करा."

"होत नाही."

"काका," ती बाळाच्या कानाशी म्हणाली, "काका, डोळे उघडा. काका."

ती हाक ऐकली आणि सिमिऊनीला कळलं. ती ज्याला हाक मारत होती तो आता या खोलीत नव्हता. आणि जेवढ्या वेळा ती हाक मारत होती, तेवढं बाळ त्याच्या हातात हलकं होत होतं.

"काका म्हणू नकोस," तो म्हणाला. "गप्प बस. एकदाही म्हणू नकोस."

त्याला दादा हवा होता. चार महिने तो या बाळाच्या पाळण्याशी बसून आपल्या भावाशी बोलला होता, टेपविषयी, दहाव्या दिवसाविषयी, आणि बाळाने त्याचं बोट धरलं होतं. ते सगळं आता सोडायचं होतं. बाळाचा पुढचा श्वास येत नव्हता.

"हा कुपाक नाही," तो मोठ्याने म्हणाला. "हा माझा दादा नाही. मी चुकलो. हे नाव द्यायचा मला हक्क नव्हता, ज्याचं आहे त्याचं त्याला." मग त्याने बाळाच्या कानाला ओठ लावले. "ऊलीपिका. तुझं नाव ऊलीपिका आहे. तुला मी या हातांनी पुरलंय. तू ये. घरी ये."

काहीच झालं नाही. मग अंधारात सियासी अगदी लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "आई?"

समुद्राकडचा आवाज तुटला. बाळाने खोल श्वास घेतला आणि टाहो फोडला. सियासीने ते हिसकावून छातीशी धरलं आणि "आई, आई गं" म्हणत त्याचे मुके घेऊ लागली. सिमिऊनी भिंतीला टेकून जमिनीवर बसला. झालं, असं त्याला वाटलं. वाचलं.

७

मग बाहेरच्या पडवीत आवाज आला.

पडवी म्हणजे दोन दारांमधली छोटी जागा, जिथे माणसं बूट काढतात. तिथे कोणीतरी पाय आपटत होतं. उजवा, डावा, उजवा, डावा. मग हाताने पँटवर फटके. बाहेरून आलेला माणूस अंगावरचा बर्फ झाडतो तसं, नीट, वेळ घेऊन. गावात बर्फ मेच्या शेवटी वितळला होता.

सिमिऊनी झोपायच्या खोलीतून बाहेर आला. आतल्या दाराखालच्या फटीतून गार हवा येत होती आणि तिच्याबरोबर झाडलेल्या बर्फाचं थोडं पाणी आत ओघळलं होतं. फटीत बुटांची दोन टोकं दिसत होती. त्यांवर पांढरं काही होतं, आणि ते मात्र वितळत नव्हतं.

आवाज थांबला. दार उघडलं नाही. त्या गावात कोणी दार वाजवत नाही, सगळे सरळ आत येतात. हा मात्र उभा होता. त्याला आत यायला काहीतरी हवं होतं, आणि ते काय हे सिमिऊनीला ठाऊक होतं. एक शब्द. चार महिने तो शब्द त्याने दिवसातून पन्नासदा उच्चारला होता. आत्ताही तो त्याच्या जिभेवर होता, आणि तो म्हणावा असं त्याला इतकं वाटत होतं की त्याने हाताने तोंड दाबून धरलं.

आतून सियासीने विचारलं, "बाबा, कोण आलंय?"

बाळ शांत झालं होतं. दाराखालची बुटांची टोकं किंचित पुढे सरकली, ऐकायला माणूस पुढे होतो तशी.

सिमिऊनीने तोंडावरचा हात काढला. "कोणी नाही," तो म्हणाला.

दाराखालची बुटांची टोकं मागे सरकली. मग बाहेरचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं. खडीवर पावलं वाजू लागली, दमलेल्या माणसाची, गावाच्या टोकाकडे, जिथे रस्ता संपतो तिकडे. खिडकी चार हातांवर होती आणि बाहेर लख्ख ऊन होतं. सिमिऊनी खिडकीशी गेला नाही. पावलं ऐकू येत होती तोवर तो दाराशी उभा राहिला आणि नंतर त्याने फडकं आणून जमीन पुसली.